मुंबईतल्या पाणपोया नकाशावर टाकाव्यात का?

नकाशेवाली
भर मे महिन्यात फोर्टात उभं राहून फोनवर पिण्याचं पाणी शोधून बघा. बाटली विकणारी दुकानं आणि हॉटेलं येतात, फुकटचं पाणी सहसा येत नाही. माझं म्हणणं असं की पाणपोया, स्टेशनांवरचे नळ, बागांमधले कूलर आणि सार्वजनिक शौचालयं आपणच ओपनस्ट्रीटमॅपवर टाकावीत. २००४ पासूनचा हा नकाशा लोकांनीच भरलाय आणि त्यातली माहिती कोणालाही वापरता येते. ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप्स तीच माहिती नेटशिवाय दाखवतात. पिण्याच्या पाण्यासाठी 'ड्रिंकिंग वॉटर' अशी वेगळी नोंदही आहे. पथ्य एकच: गूगलवर बघून उतरवायचं नाही, परवान्यात बसत नाही. जागेवर जाऊनच बघायचं.

विरोध असेल तर तोही लिहा.

मशीदबंदरकर
आहे विरोध. हॉटेल बंद निघालं तर शेजारी दुसरं असतं. पाण्याचं तसं नाही. उन्हातून एखादा म्हातारा दोन गल्ल्या चालत गेला आणि तिथे कोरडा नळ, त्यावर कोणाचं तरी फडकं वाळत घातलेलं, मग? आमच्या भात बाजारात केशवजी नायकांचं १८७६ सालचं कारंजं आहे, वर घड्याळाचा मनोरा. लोक येतात, फोटो काढतात, जातात. शहरभर अशा दगडी पाणपोया आहेत आणि कित्येकींना टपऱ्या टेकल्यात. त्या टाकून कोणाची तहान भागणार?

पुराणवास्तू
थोडं अवांतर. विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं ते १८६० साली. त्यापुढच्या काळात शेटजींनी कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ चौकाचौकांत पाणपोया बांधल्या. फोर्टातली रतनसी मुळजी जेठांची १८९४ ची पाणपोई गेलेल्या मुलाच्या आठवणीत आहे. कित्येक ठिकाणी माणसांसाठी तोटी आणि खाली बैल-घोड्यांसाठी कुंड. पाणी असो-नसो, त्यांची नोंद हवीच.

पण वर्ग नीट निवडा. फ्लोरा फाउंटन १८६४ पासून शोभेचं आहे. नवख्याने त्याला 'ड्रिंकिंग वॉटर' लावलं तर तहानलेला माणूस भर चौकात बावळटासारखा उभा राहील.

नकाशेवाली
@मशीदबंदरकर, बंद पाणपोई 'चालू' म्हणून टाकायची नाहीच. 'वापरात नाही' असं लिहायची सोय आहे, शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख टाकायचीही. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते तुम्ही उभे असाल तिथलेच छोटे छोटे प्रश्न विचारतं. आणि खरं सांगू का, मला बंद पाणपोयांचीच नोंद जास्त हवी आहे. वॉर्ड ऑफिसात 'आमच्याकडे पाणी नाही' म्हणून गेलं की तोंडी आश्वासन मिळतं. बंद नळांचा तारखांसकट नकाशा टेबलावर ठेवला की निदान यादी मागितली जाते.

जलखातं_निवृत्त
नोकरी याच कामात गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सात तलावांचं पाणी शुद्ध होऊनच येतं, मूळ पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुंबईत ते ठरलेल्या वेळी येतं, चोवीस तास नाही. म्हणजे पाणपोईत तुम्ही पिता ते टाकीतलं. टाकीला झाकण आहे का, ती धुतली कधी, हे ट्रस्टच्या माणसाला तरी माहीत असतं का? तुम्ही 'पिण्यायोग्य' लिहिणार ते कशाच्या जोरावर, चव घेऊन?

दुसरं. या जोडण्यांपैकी काही कागदावर नाहीत. गल्लीतल्या मंडळाने कधीकाळी लाइन ओढलेली असते, खालचे लोक माणुसकीने डोळेझाक करतात. नकाशावर पिन आली की कोणीतरी तक्रार करणार आणि तोटी कापली जाणार. तिथे पाणी पिणाऱ्या हमालाचं तुम्ही भलं केलंत की वाटोळं?

पार्सलवाला
काका, हमालाला त्याची पाणपोई माहीत असते हो. आम्हाला नसते. आज अंधेरी, उद्या मुलुंड. सोसायटीत पाणी मागितलं की वॉचमन गेटाबाहेरचं बोट दाखवतो. रोज बाटली घेतली तर एका ऑर्डरची कमाई त्यातच जाते. 'ज्यांना गरज आहे त्यांना ठाऊक असतं' हे एकाच नाक्यावर जन्म काढणाऱ्याचं बोलणं झालं. आणि पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, टायरची हवा आणि शौचालय फुकट द्यावं लागतं, पेट्रोल भरलं नाही तरी. तेही टाका. अर्ध्या रायडरांना हे माहीतच नाही.

कुर्ल्याची_मावशी
तुमचं सगळं पाण्याभोवती चाललंय. बायका बाहेर पडल्या की पाणी पितच नाहीत, कारण पुढे जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी'वाल्या भांडताहेत की पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे का? आधी शौचालयं टाका. उघडं कधी असतं, पैसे किती, आत बायकांसाठी पाणी आणि कडी आहे का, सगळं लिहा. नुसती पिन टाकून मोकळे होऊ नका.

नकाशेवाली
मावशी, पूर्ण सहमत. शुल्क, वेळ, महिलांसाठी सोय, या नोंदी नकाशात आहेत, भरत कोणी नाही. कडीसाठी वेगळा रकाना नाही, ते वर्णनात लिहू.

काका, 'पिण्यायोग्य' मी ठरवणार नाही. जे दिसतं तेच लिहायचं: तोटी चालू होती, पाटी होती किंवा नव्हती, देखभाल कोणाची, तारीख. जोडणीचा मुद्दा मात्र अवघड आहे, त्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. पाटीही नाही आणि ट्रस्टही नाही असा नळ टाकण्याआधी तिथल्या लोकांना विचारू. ते नको म्हणाले तर नको.

जलखातं_निवृत्त
विचारणार आहात ना, मग माझी अर्धी हरकत मागे. टाकीबद्दलची कायम.

मशीदबंदरकर
माझी पूर्ण कायम. तारखा जुन्या होणार, दोन उन्हाळ्यांनी कोणी फिरकणार नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी दुकानाबाहेर होळीपासून पाऊस पडेपर्यंत रांजण ठेवतो, तो टाकू नका. गाडी थांबवून कॅन भरणारे येतील.

पार्सलवाला
रस्त्यावर ठेवलाय म्हणजे सार्वजनिकच की. नकाशात महिनेसुद्धा लिहिता येतात म्हणे, मार्च ते जून.

मशीदबंदरकर
भरतो कोण? सकाळी घासतो कोण? पाणी हवं तितकं प्या, नको कोण म्हणतंय. पण पिन नको.

नकाशेवाली
नाही टाकणार. भात बाजारातल्या बाकीच्या तोट्यांपैकी चालू कुठल्या, तेवढं सांगाल का?

मशीदबंदरकर
दुकान बंद करून सांगतो. दोन तर नक्की आहेत, तिसरीचा भरवसा नाही.