बॉबच्या दिवाणखान्यातली शेकोटी

मायक्रोसॉफ्टचा 'बॉब' म्हणजे नवशिक्यांना संगणकाचा पडदा घरातल्या खोल्यांसारखा दाखवणारा प्रोग्राम. तो त्यातल्या कार्टून पात्रांमुळे फसला असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. १९९५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट बॉबला ८ एमबी रॅम लागायची आणि तेव्हा घरगुती संगणकांत बहुधा ४ एमबीच असे. म्हणजे ज्या नवशिक्यांसाठी तो केला, त्यांच्याच यंत्रावर रखडायचा. १९९६ च्या सुरुवातीला गुंडाळलाच.

शिवाय ते 'घर' कुणाचं? फोंड्याला शेजारच्या काकींना त्याचा दिवाणखाना दाखवला, तर त्या शेकोटीपाशीच अडल्या. "भिंतीत आग कित्याक रे?" घड्याळ, वही त्यांनी ओळखली, पण दाबायचं काय आणि नुसती शोभा कुठली, ते कळेना. शेवटी कागदावर चार पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. त्याच आठवड्यात काकींनी कुवेतच्या मुलाला स्वतः मेल पाठवली. तो कागद अजून त्यांच्या कपाटावर चिकटवलेला आहे.