सिव्हिलायझेशन ५ : यान उडवायला चार शहरं पुरे, पाचवं कशाला?

पारावरचा
सिव्हिलायझेशन ५ या कॉम्प्युटर गेममध्ये बॅबिलोन घेऊन इम्मॉर्टल या अवघड पातळीवर २५८व्या टर्नला (खेळीला) अवकाशयान उडवलं, म्हणजे विज्ञानविजय मिळवला. (ब्रेव्ह न्यू वर्ल्ड हा विस्तार, स्टँडर्ड वेग आणि नकाशा.) त्यावरून मित्राशी वाजलं, म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे : विज्ञानविजय लवकर हवा तर ट्रॅडिशन ही धोरणमाला घ्या, चार शहरं वसवा आणि थांबा.

या विस्तारात प्रत्येक जादा शहरामागे तंत्रज्ञान ५ टक्क्यांनी महागतं. त्यात नॅशनल कॉलेज या इमारतीला सगळ्या शहरांत लायब्ररी लागते. पाचवं वसवलं की कॉलेज रखडलं, म्हणजे राजधानीचं ५० टक्के जादा विज्ञानही रखडलं. उलट ट्रॅडिशन पूर्ण केलं की पहिल्या चार शहरांत जलसेतू फुकट. खेळ बनवणाऱ्यांनीच चारचा आकडा सांगून ठेवलाय! शेवटी विज्ञान माणसांतून येतं, तेव्हा धान्याची जहाजं राजधानीकडे वळवा. आणि ग्रेट लायब्ररी या जगात एकदाच बांधता येणाऱ्या आश्चर्याच्या नादी लागू नका. वरच्या पातळ्यांवर ती कॉम्प्युटर आधीच उरकतो आणि तुमचे हातोडे (बांधकामाचे गुण) वाया जातात.

रानभूल
साफ असहमत. ५ टक्क्यांचा नुसता बागुलबुवा. चार शहरं मिळून १०० विज्ञान देत असतील तर पाचव्याने ५ च्या वर दिलं की झालं ना वसूल? ऐंशीव्या टर्नच्या आत वसवलेलं शहर ते आरामात देतं. जंगलात वसवलंत तर युनिव्हर्सिटीनंतर जंगलाच्या दर चौकटीमागे २ विज्ञान, तेही झाड न तोडता. लिबर्टी ही दुसरी धोरणमाला घ्या, सेटलर (शहर वसवणारी तुकडी) फुकट मिळतो, शेवटी एक ग्रेट पर्सन (शास्त्रज्ञासारखा थोर माणूस) मनासारखा निवडता येतो. मी सहाच्या खाली खेळत नाही. दीडशेव्या टर्नला वसवलेलं शहर मात्र नुकसानीचंच, तेवढं मान्य.

पारावरचा
आणि लोकांच्या नाराजीचं काय? दर शहरामागे ३, वर डोईमागे १. चैनीच्या वस्तू संपल्या की सहाही शहरं वाढायची थांबतात. मग एक ना धड, भाराभर चिंध्या.

तटबंदी
तुम्ही दोघंही शेजारी कोण आहे ते बघतच नाही! माझ्या गेल्या डावात शेजारी झुलूंचा लढवय्या राजा शाका होता. मीही चार शहरं, कॉलेज वगैरे सगळं पोथीप्रमाणे केलं. सैन्य म्हणाल तर दोन तिरंदाज. एकशे वीसच्या आसपास त्याच्या इम्पी भालाईतांची रांगच्या रांग आली आणि दोन शहरं गेली. रात्री दीड वाजता लॅपटॉप आपटून झोपलो. आता मी आधी कंपोझिट बोमन (सुधारित तिरंदाज) आणि भिंती उभारतो, कॉलेज मागाहून. शिवाय यानाचे भाग राजधानीपर्यंत चालवत न्यावे लागतात, हे विसरू नका. वाट शत्रूच्या टाचेखाली असेल तर लॅबची पूजा करत बसा.

दुपारचा_चहा
शहरांची संख्या राहू द्या, धागाकर्त्यांनी ग्रेट सायन्टिस्ट (थोर शास्त्रज्ञ) कधी वापरले ते सांगा. माझ्या मते खरा वेळ तिथे वाचतो.

पारावरचा
पहिल्याची अकॅडमी (दर टर्नला विज्ञान देणारी जागा) केली. बाकीचे जन्मले तसे लगेच खर्चले.

दुपारचा_चहा
मग २५८ हा आकडा उशिराचाच म्हणायचा! सायन्टिस्ट खर्चला की मागच्या ८ टर्नांचं विज्ञान एकदम मिळतं. म्हणून मधले सगळे साठवायचे. प्लास्टिक्स हे तंत्रज्ञान हाती येईस्तोवर सोनंही जमवायचं, त्याच टर्नला सगळीकडे रिसर्च लॅब विकत घ्यायच्या, ८ टर्न थांबायचं आणि मग एकामागून एक फोडायचे. हबल दुर्बीण हे आश्चर्य बांधलंत तर आणखी दोन फुकट. फ्रीडम विचारसरणी असेल तर यानाचे भागही सोन्याने घेता येतात. एवढं केलं की चार की सहा, याने फारसं बिघडत नाही.

पारावरचा
सायन्टिस्टांबाबत चुकलो, कबूल. शहरांबाबत नाही. रानभूल, गांधी घेऊन खेळून बघा : शहरांच्या संख्येची नाराजी दुप्पट, माणसांची निम्मी. तिथे सहा वसवून दाखवा.

रानभूल
ही पळवाट झाली. तुमच्याच बॅबिलोनचा पहिल्या टर्नचा सेव्ह पाठवा, त्याच नकाशावर सहा वसवतो. शनिवारी रात्री बसू. आणि तटबंदी, त्या नकाशावर शाका असला तर आधीच सांगा.