मदत हवी आहे: हेडला नवे बोल्ट घालू की स्टड?

घाटाखालचा
गाडी 1.3 लीटर कॉमन रेल डिझेल, टर्बोवाली हॅचबॅक. चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, अल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण), इंजिन आडवं. सावंतवाडी–कोल्हापूर फेऱ्या, आंबोली चढूनच. घाटात तापमानाचा काटा लाल झाला, मग कूलंटच्या टाकीत बुडबुडे, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलं. हेड उतरवलंय, तपासायला कोल्हापूरला उद्यमनगरात जाणार.

मिस्त्रींचं म्हणणं, "इकडच्या खाऱ्या हवेत बोल्ट टिकत नाहीत, स्टड टाका, कायमची कटकट जाईल." स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली सळई, खालचं टोक ब्लॉकमध्ये, वर नट. त्याचा भाव नव्या बोल्टच्या दहापट सांगतायत. नाहीतर लेथवर ईएन-24 पोलादाचे स्टड काढून झिंक प्लेटिंग करून देतो म्हणतात. तिसरा पर्याय, जुनेच बोल्ट परत. दिसायला ठणठणीत आहेत.

मॅन्युअलमध्ये बोल्ट 40 न्यूटन-मीटर टॉर्कला (पिळायच्या जोराला) आवळा, मग 90 अंश फिरवा, परत 90 अंश असं आहे. इंजिन कंपनीचं जसं होतं तसंच, रिमॅप (कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून ताकद वाढवणं) नाही. काय करावं?

तेलकट_हात
नवे बोल्ट. स्टड नको, लेथचे तर मुळीच नको, जुनेही नको.

खाऱ्या हवेचा मुद्दा आधी निकालात काढू. तुमच्या हेडचे बोल्ट कॅमशाफ्टच्या हाउसिंगखाली, तेलात असतात. समुद्राची हवा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. गंज आलाच तर खालून, कूलंटच्या बाजूने येतो, आणि तो बोल्ट-स्टड असा भेद करत नाही.

90 + 90 अंश लिहिलंय म्हणजे हे ताणून बसवायचे बोल्ट आहेत. 40 ला फक्त सगळे बोल्ट सारखे टेकतात, खरा ताण पुढच्या अर्ध्या फेऱ्यात येतो. आटा 1.25 मिमीचा (एका फेऱ्यात बोल्ट तेवढा आत जातो) असेल तर अर्धा फेरा म्हणजे 0.62 मिमी. त्यातला काही भाग गॅस्केट आणि हेड दाबण्यात जातो, बाकीच्यात बोल्ट लांबतो, इतका की परत मूळ लांबीवर येत नाही. म्हणून ते एकदाच वापरायचे.

आता टॉर्कचा हिशोब. तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांत, आणि दाब बनतो जेमतेम दहावा हिस्सा. तेल थोडं कमी-जास्त लागलं की तोच टॉर्क लावूनही एका बोल्टाचा दाब दुसऱ्यापेक्षा पाव भागाने वेगळा येऊ शकतो. कोनाने आवळताना घर्षणाचा हा खेळ बराचसा बाद होतो. स्टडचा नट मात्र टॉर्कवरच आवळतात. म्हणजे कंपनीच्या इंजिनावर दहापट पैसे देऊन दाबाचा सारखेपणा उलट कमीच होण्याची शक्यता.

शिवाय अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेडची उंची 100 मिमी धरली तर थंड इंजिन गरम होईपर्यंत हेड बोल्टपेक्षा अंदाजे 0.08 मिमी जास्त वाढतं. ताणलेला बोल्ट ही वाढ पचवतो, दाब फारसा चढत नाही. जाड, ताठ स्टडवर तीच वाढ गॅस्केट चेपण्यात जाते.

रत्नांग्रीकर
वरच्याशी बव्हंशी सहमत, पण स्टड म्हणजे नुसता दिखावा असंही नाही. रिमॅप करून बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवलाय, किंवा हेड वारंवार उतरतं, किंवा ब्लॉकच अल्युमिनियमचा आहे, तिथे स्टडचे पैसे वसूल होतात. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसतो आणि तिथेच राहतो, घासाघीस वरच्या बारीक आट्यांवर आणि नटावर होते. ब्लॉकचे आटे वाचतात. तुमचा ब्लॉक लोखंडी आणि हेड दहा वर्षांतून एकदा उतरणार, तेव्हा हा फायदा तुमच्या कामाचा नाही.

स्टड घालणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे कंपनीच्या बोल्टचा टॉर्क स्टडला लावणं. आकडा स्टडच्या सेटबरोबरच्या कागदावरचाच घ्यायचा, तोही त्याच कागदात सांगितलेलं ग्रीस लावून. ग्रीसचा आकडा साध्या तेलावर लावला तर दाब कमी पडतो, उलट केलं तर आटे खेचले जातात आणि सिलिंडर लंबगोल होतो. मग पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, गाडी तेल खाते, आणि दोष रिंगांना.

अजून एक. आडव्या इंजिनात स्टड असले की हेड सरळ वर उचलावं लागतं, तिरकं काढता येत नाही. बॉनेटखाली तेवढी जागा आहे का ते टेपने मोजा. नसेल तर पुढच्या वेळी स्टडला दोन नट एकमेकांवर आवळून आधी स्टडच काढत बसावं लागेल.

लेथच्या स्टडबद्दल: कारखान्यात आटे रोल करून दाबून काढतात, लेथवर ते कापले जातात आणि मुळाशी तडा जायला जागा मिळते. त्यात इतक्या कडक पोलादाला झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो. असा स्टड आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, तटकन तुटू शकतो.

घाटाखालचा
स्टड बाद. पण जुने बोल्ट खरंच वाया गेलेत हे कसं ओळखायचं? आणि कोन मोजायचं गेज इकडे कुणाकडे नाही.

तेलकट_हात
त्याच आट्याचा नवा नट घ्या आणि बोल्टवर हाताने टोकापासून वर फिरवा. जिथे बोल्ट ताणलाय तिथे आट्यांमधलं अंतर वाढलेलं असतं, नट अडकतो. व्हर्नियरने दांड्याचा व्यासही तीन-चार ठिकाणी पाहा, बारीक झालेली कंबर सापडेल. पण नट सगळीकडे फिरला तरी नवेच घाला. दहा बोल्टांपेक्षा दुसऱ्यांदा हेड उतरवण्याची मजुरी महाग.

गेज लागत नाही. 40 झाल्यावर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर पुढच्या दिशेला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पहिल्या 90 नंतर सगळे ठिपके एका बाजूला वळलेले दिसले पाहिजेत, दुसऱ्या 90 नंतर सगळे मागे. लांब दांडा, एका दमात ओढ. क्रम मधल्यापासून बाहेर गोल गोल, आणि एक टप्पा सगळ्या बोल्टांवर पुरा झाल्याशिवाय पुढचा नाही.

टॉर्क रेंचवर भरवसा नसेल तर मासे तोलायचा स्प्रिंग काटा आणा. बोल्टच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर काटकोनात ओढा, 8.2 किलोला 40 न्यूटन-मीटर होतात. रेंच त्याच्या आसपास क्लिक झाला म्हणजे ठीक.

भरती_ओहोटी
बोल्टपेक्षा भोकांकडे बघा. सध्या पावसाळा, त्यात ब्लॉक उघडा. आंधळ्या (तळाला बंद) भोकात कूलंट किंवा तेल साचलेलं असलं की बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा त्यावर दाबतो. रेंच क्लिक होतो, तुम्हाला वाटतं बसला, पण हेडवर दाबच नसतो. जास्त जोर केलात तर लोखंडी ब्लॉकला तडा. आधी प्रत्येक भोकात तार घालून खोली मोजा. सगळी सारखी आली पाहिजेत, एखादं कमी भरलं तर तळाला गाळ आहे.

कापणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) भोकात घालू नका, आटे सैल होतात. जुन्या बोल्टांपैकी ज्याच्या टोकाचे आटे सरळ आहेत असा एक निवडा आणि ग्राइंडरने त्याला उभ्या तीन खाचा पाडा. हा तुमचा चेसर, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार. हाताने फिरवा, काढा, पुसा, परत. मग ब्रेक क्लीनर आणि कंप्रेसरची हवा, डोळ्यांवर चष्मा, आणि बाजूच्या तेलाच्या वाटांना चिंधीचे बोळे. नव्या बोल्टाच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हात फिरवा, निथळू द्या. भोकात तेल ओतायचं नाही.

ब्लॉकचा माथा एमरी डिस्कने घासू देऊ नका. ती भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकची पट्टी आणि वेळ.

आणि हेड कोल्हापुरात असेपर्यंत ब्लॉक उघडो ठेवू नको रे बाबा! जुलैच्या दमटात सिलिंडर एका रात्रीत तांबूस होतात. भिंतींना तेल चोपडा, वर सुती कापड, त्यावर प्लास्टिक, आणि रोज एकदा उघडून बघा.

रत्नांग्रीकर
उद्यमनगरात दोन गोष्टी सांगा. आधी प्रेशर टेस्ट, व्हॉल्व्हच्या मध्ये तडा असेल तर पुढचा खर्चच नको. मग स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून हेड किती वाकलंय ते, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. 0.05 मिमीपर्यंत असेल तर सहसा फेसिंगची (हेडचा तळ मशीनवर सपाट करायची) गरज नसते, मर्यादा मॅन्युअलची धरा. काही डिझेल हेडना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही, तेही आधी बघा. केलंच तर किती काढलं ते लिहून घ्या, कारण व्हॉल्व्ह तेवढे पिस्टनजवळ येतात. जुन्या गॅस्केटच्या काठावर जाडी दाखवणाऱ्या खाचा असतील तर मोजून ठेवा, ते फेकू नका.

आणि मूळ दुखणं. गॅस्केट बोल्टामुळे गेलं नाही, काटा लाल झाला म्हणून गेलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात टाकून गरम करा, त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडतो का बघा. किनाऱ्यावर रेडिएटरच्या पात्या मिठाने खाल्लेल्या असतात, बोटाने दाबून पाहा, भुसभुशीत झाल्या असतील तर रेडिएटर बदला. पंख्याचा हाय स्पीड लागतो का? टाकीचं झाकण दाब धरतं का? विहिरीचं मचूळ पाणी अजिबात नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं.

घाटाखालचा
नट फिरवून पाहिला. दहापैकी चार बोल्टांवर मध्येच अडकतोय, एकाची कंबर 0.3 मिमी बारीक. नवा सेट मागवलाय. एका भोकात तार बाकीच्यांपेक्षा 6 मिमी कमी गेली, टोकाला काळा चिखल लागून आला. थर्मोस्टॅटवर 88 छापलंय, पाणी उकळायला लागलं तरी बंदच.