गावात बसून कोडिंग करणाऱ्यांनी नोडचं एकच व्हर्जन ठेवावं का? माझं मत: नाही

दिग्रसकर (धागा सुरू करणारा)
आमच्या भागात आता बरीच पोरं घरूनच वेबसाइटची, ॲपची कामं घेतात. बहुतेकांच्या लॅपटॉपवर नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एकच व्हर्जन, तेही थेट इन्स्टॉलरने टाकलेलं. जुनं काम आलं की ते काढा, जुनं टाका. नवं काम आलं की पुन्हा उलट. हे बंद व्हायला पाहिजे. व्हर्जन मॅनेजर (एकाच मशीनवर अनेक व्हर्जन ठेवणारं साधन, जसं एनव्हीएम) टाका आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये डॉट एनव्हीएमआरसी फाइल ठेवून त्यात व्हर्जनचा आकडा लिहा.

माझ्याकडे एका जिनिंगचं काटापावतीचं सॉफ्टवेअर आहे, वेबपॅक 4 वर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) बांधलेलं. नोड 17 पासून आत ओपनएसएसएल 3 (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं आणि वेबपॅक 4 ज्या एमडी4 हॅशवर (फाइलीची ओळखखूण काढायची जुनी पद्धत) चालतं, ते त्यात डीफॉल्टला बंद आहे. त्यामुळे बिल्ड तिथेच अडतो. जुने हॅश पुन्हा चालू करणारा लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग लावून वेळ निभावता येते, पण मला ते पटत नाही. वेबपॅक 5 वर न्यायचं तर सगळे लोडर (वेगवेगळ्या फाइली वेबपॅकला वाचून देणारे जोड) तपासावे लागतात, आणि कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या असताना जिनिंगवाला हात लावू देत नाही. म्हणून ते नोड 16 वर, बाकी कामं 22 वर. टर्मिनल बदललं की व्हर्जन बदललं.

वणीची
दादा, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. नोड 16 चा सपोर्ट 11 सप्टेंबर 2023 ला संपला. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या चुका त्यात दुरुस्त होत नाहीत. मॅनेजरमुळे जुनं व्हर्जन इतकं सोयीचं होतं की अपग्रेड पुढच्या हंगामावर ढकललं जातं, आणि तो हंगाम येतच नाही. सम आकड्याचं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) व्हर्जन साधारण 30 महिने चालतं. तेवढ्यात काम पुढे नेता येतं, गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगून पैसे घ्यायचे.

दुसरं, मी मुलींना शिकवते आणि त्या सगळ्या विंडोजवर आहेत. विंडोजचं एनव्हीएम हा वेगळाच प्रकल्प आहे. ते डॉट एनव्हीएमआरसी वाचत नाही. शिवाय व्हर्जन बदललं की सगळ्याच टर्मिनलमध्ये बदलतं, कारण आत एकच सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) फिरवली जाते. तुम्ही म्हणता ते 'टर्मिनल बदललं की व्हर्जन बदललं' तिथे होतच नाही. त्यात ग्लोबल पॅकेज प्रत्येक व्हर्जनचं वेगळं. काल टाकलेलं आज सापडत नाही म्हणून पोरी रडकुंडीला येतात. नवशिक्यांना एकच एलटीएस द्या.

दिग्रसकर
विंडोजचा मुद्दा बरोबर आहे ताई, पण त्यावर एफएनएम नावाचा दुसरा मॅनेजर आहे. ते लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतं, तीच फाइल वाचतं आणि प्रत्येक टर्मिनलला वेगळं व्हर्जन देतं. आणि पैशाचं म्हणाल, तर तालुक्याच्या गावात 'अपग्रेड' या नावाखाली पैसे मागून पाहा. चालू आहे ना, मग कशाचे पैसे, हेच उत्तर येतं.

आर्वीकर
भाऊ, तुमचं दोघांचंही नोडवरच चाललं आहे. पायथनवाल्यांचं काय? पायएन्व्ह (पायथनचा व्हर्जन मॅनेजर) पायथन सोर्समधून बांधते. एसएसएलच्या हेडर फाइली नसल्या तर अर्धा तास पंखा गरगरते आणि शेवटी सांगते की एसएसएल मॉड्यूल बनलंच नाही. तेवढ्यात लाइन गेली अन् बॅटरी मेलेली असली तर पुन्हा पहिल्यापासून. मी यूव्ही नावाचं साधन वापरतो, ते तयार बांधलेलं पायथन उतरवते. उबंटूवाल्यांनी एक करा राजेहो, सिस्टमच्या पायथनला हात लावू नका. त्याच्यावर उबंटूचीच कामं चालतात.

नेट नसलं तर नोड मित्राकडून आणता येते. होम फोल्डरमधल्या डॉट एनव्हीएमच्या आत व्हर्जन्स, त्यात नोड, तिथला पाहिजे तो फोल्डर उचला. मशीन सारखी पाहिजे. पण आधी टार करा, म्हणजे एका फाइलीत बांधा. पेनड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा असला तर एनपीएमची (नोडची पॅकेज उतरवणारं साधन) सिमलिंक त्याच्यावर टिकत नाही.

पुसद_ते_पुणे
डॉकर (प्रत्येक प्रोजेक्ट वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरा, सगळा वाद मिटतो.

आर्वीकर
चार जीबी रॅमवर ब्राउझर, एडिटर अन् डॉकर एकत्र चालवून दाखवा, मग बोलू. इमेजही शेकडो एमबीची राहते, इकडे मोबाइलच्या डेटावर काम चालते.

वणीची
फाइल ठेवायला माझी ना नाही. उद्या काम दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्याला कळलं पाहिजे. पण आकड्यासोबत सपोर्ट संपण्याची तारीखही रीडमीत लिहा. नोड 22 साठी ती एप्रिल 2027 आहे. आणि 16 वाला काटा इंटरनेटला जोडलेला असेल, तर मी त्याला 'चालू आहे' म्हणणार नाही. शेतकऱ्यांची नावं आणि खाते क्रमांक आहेत त्यात.

दिग्रसकर
तो फक्त आतल्या लॅनवर आहे, बाहेर उघडा नाही. बाहेर काढायची वेळ आली तर तुमचं ऐकून आधी अपग्रेड करीन. तारीख आजच लिहितो. मॅनेजर मात्र सोडणार नाही.

नवीन_दारव्हा
एफएनएम टाकलं, 22 निवडलं, तरी जुनाच आकडा दिसतो. काय करू?

वणीची
पॉवरशेलमध्ये 'व्हेअर डॉट ईएक्सई नोड' लिहून पाहा. प्रोग्राम फाइल्समधला रस्ता वर आला तर इन्स्टॉलरवालं नोड अजून बसलेलं आहे. ते कंट्रोल पॅनलमधून काढा. नंतर पॉवरशेलच्या प्रोफाइलमध्ये एफएनएमची ओळ आहे का ते बघा, आणि टर्मिनल बंद करून नव्याने उघडा.