पाच खोल्यांना एकच आउटडोअर? माझा अनुभव

बॉस्टनजवळच्या जुन्या लाकडी घराचं नूतनीकरण करताय, डक्ट (हवा खेळवणारे मोठे पाइप) नाहीत, म्हणून एका आउटडोअर युनिटवर पाच खोल्यांचे मिनी-स्प्लिट (थंडीत ऊबही देणारे स्प्लिट एसी) लावू का, असं विचारलंत. कृपा करून तसं करू नका. पाच खोल्यांसाठीचं मोठं युनिट एका मर्यादेखाली हळू चालूच शकत नाही. ऑक्टोबरात एकाच बेडरूमला जराशी ऊब हवी असते, तेव्हा ते सारखं चालू-बंद होतं आणि वीज खातं. आमच्याकडे नेमकं हेच झालं, दोन हिवाळे सोसले. जमेल तिथे एका आउटडोअरला एकच इनडोअर ठेवा. लहान बेडरूमला बहुधा ताशी 6,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) क्षमतेचं मशीन पुरतं.

पण त्याआधी, भिंती उघड्या आहेत तोवर, इन्सुलेशन भरून घ्या आणि फटी बुजवा. मगच प्रत्येक खोलीचा हीट लोड, म्हणजे तिला ऊबदार ठेवायला किती उष्णता लागते ते, काढायला सांगा. इकडे त्या हिशेबाला मॅन्युअल जे म्हणतात. चौरस फुटांवरून तोंडी आकडा फेकणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नका. नुसतं टनेज (एसीची थंड करण्याची क्षमता) बघू नका, 5 फॅरनहाइटला, म्हणजे उणे 15 सेल्सिअसला, मशीन किती उष्णता देतं ते लेखी मागा.

आउटडोअर स्टँडवर, बर्फ साचतो त्या उंचीच्या वर बसवा. तांब्याच्या पाइपचे जोड नायट्रोजनच्या दाबाखाली तपासल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका. नंतर गळती शोधायला भिंतच फोडावी लागते. बाथरूमचं दार बंद असलं की तिथे ऊब पोचत नाही, त्यासाठी छोटा इलेक्ट्रिक हीटर वेगळा घ्या.