आधी कातडी, मग मसाला
एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर अर्धा तास ठेवूनही चिकन विंग्ज चिवट आणि ओलसर का राहतात, असं एकांनी विचारलंय. माझ्या मते पहिला प्रश्न कातडीचा. आमच्याकडे नागपुरात कोंबडीवाला न विचारताच कातडी सोलून देतो. "कातडीसकट द्या" असं आधीच सांगावं लागतं. ती नसेल तर कुरकुरीत व्हायला काही उरतच नाही.

दुसरं म्हणजे ओलावा. विंग्ज धुतल्यावर स्वच्छ कापडाने अगदी कोरड्या टिपा. अर्ध्या किलोला एक चमचा बेकिंग पावडर (सोडा नव्हे, चव बिघडते) आणि अर्धा चमचा मीठ चोळून फ्रिजमध्ये रात्रभर उघड्या ठेवा. सकाळी कातडी कागदासारखी कोरडी लागते. नंतर १८० अंशांवर २० मिनिटं, मध्ये एकदा उलटून, शेवटी २०० वर ६-७ मिनिटं. एकावर एक रचू नका, वाफेने मऊ पडतात.

सावजी मसाला मात्र शेवटी! आधी लावला की जळून कडवट होतो. मी चमचाभर गरम तेलात तो क्षणभर परतते आणि गरम विंग्ज त्यात घोळवते. पातळ रस्सा ओतू नका, सगळी मेहनत वाया जाईल.