मदत हवी आहे: रकून रानटर्कीची अंडी फस्त करतायत

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात आमची 40 एकर जागा, निम्मं रान, निम्मं गवत. वसंतात शिकारीला नर टर्की दिसतात, पण जूनमध्ये पिल्लं घेऊन फिरणारी मादी क्वचितच. गवतात फोडलेली अंडी सापडली; ट्रेल कॅमेऱ्यात (रानात बांधलेला, हालचाल होताच फोटो काढणारा) रकून आणि एक ऑपॉसम दिसले (दोन्ही अंडी खाणारे छोटे निशाचर प्राणी). मादी 28 दिवस जमिनीवरच उबवत बसते, म्हणजे यांना आयतं ताट! पिंजऱ्यात सार्डिन मासे ठेवले, तर शेजाऱ्यांचं मांजर अडकलं (सोडलं लगेच). आता पंजा घातल्यावरच मिटणारे नळीचे सापळे आणलेत, आमिष मार्शमॅलो (मऊ गोड मिठाई). विष नको, आणि सापळे कायदेशीर हंगामातच लावणार.

हंगामाच्या शेवटी रकून कमी केले, तर अंडी घालायच्या वेळेपर्यंत फरक टिकतो, की आजूबाजूचे लगेच येतात? एवढ्याशा जागेत त्यापेक्षा गवतातली घरटी वाचवायला गवतकापणी जुलैनंतर ढकललेली बरी का?